अकरा मिनिटं

एका ओळीत बेचाळीस अक्षरं,
एका वेळी दोन ओळी,
माणूस बोलायचा थांबला की दीड सेकंदात पुसायचं.
कंपनीच्या मेलमध्ये आणखी एवढंच:
दोन्ही बाजूंना समान वेळ,
'शत्रू' हा शब्द टाळावा.

विहितगावात, लॅम रोडच्या आतल्या गल्लीत,
गिरणीवरच्या खोलीत बसून मी
परक्या तोंडांत मराठी घालते.
खाली बाजरी दळतात.
रेंजवर फायरिंग असलं की कपाटातले काचेचे पेले
एकमेकांना हळूच लागतात.
गिरणीतल्या रांगेत कुणी मानसुद्धा वर करत नाही.

भाग तिसरा.
इकडची बाई लेकाचा जेवणाचा डबा दाखवते,
झाकण घट्ट बसलंय, उघडत नाही, ती उघडतही नाही.
हुंदक्याला सबटायटल नसतं.
मग तिकडचा. नौरोज, स्वयंपाकी,
कानामागे भाजल्याचा डाग.
कॅमेऱ्याकडे न बघता बोलतो,
हात कांदा चिरल्यासारखा हलत राहतो:

त्या पहाटे त्यांच्या तोफा थांबल्या.
अकरा मिनिटं. मी घड्याळ पाहिलं.
तेवढ्यात भावाला खाली उतरवला.
कुणीतरी दुर्बिणीतून पाहिलं असेल आम्हाला.
देव त्याच्या मुलाबाळांना सुखी ठेवो.

आण्णा मागे उभे होते, हातात चहाची बशी.
सुभेदार रंगनाथ मोजाड, तोफखाना,
निवृत्त होऊन चौदा महिने.
त्या टेकडीचं नावसुद्धा त्यांनी घरात काढलेलं नाही.
म्हणाले, "मागं घे."
घेतलं.
"अजून एकदा."
घेतलं.
"तारीख सांगतो का तो?"
सांगत होता. ओळीत बसेना म्हणून मीच कापली होती.
सांगितली.

बशीतला चहा त्यांनी परत कपात ओतला.
"दुर्बीण कसली.
नळी तापली होती.
रात्रभर चालू होतं, पुढचा गोळा आतच फुटला असता.
ओली पोती टाकली, प्यायचं पाणी ओतलं.
अकरा का बारा, कोण मोजतंय.
अन् थंड झाल्यावर..."
खाली गिरणीचा पट्टा घसरला, कुणीतरी ओरडलं,
वाक्य तिथंच राहिलं.

माझ्या फाइलीत इकडची वाक्यं हिरवी,
तिकडची निळी.
हे वाक्य कोणत्या रंगात ठेवायचं, कळेना.
मी कर्सर नुसता लुकलुकू दिला.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं,
"हे मराठीतलं तो बघंल का कधी?"
नाही आण्णा. हे फक्त आपल्या लोकांसाठी.
"मग त्यानं म्हटलंय तसंच लिही.
कमी करू नको काही."

कमी केलं होतं मी.
'मुलाबाळांना'चं 'मुलांना'.
चार अक्षरं वाचवली होती.
ती परत टाकली, एकेक करून,
आणि स्क्रीनवर तो शब्द उगाच खूप वेळ पाहत बसले,
कुणीतरी लांबून आपलं नाव न घेता
हाक मारल्यासारखा.

पेले वाजले. मी सवयीनं पॉज दाबला.
आवाज फिल्ममधला नव्हता.

आण्णा खाली जाऊन दळण घेऊन आले,
खांद्यावर, मिशीवर पीठ.
डबा ओट्यावर ठेवला, झाकण बाजूला काढून.
"गरम आहे अजून," म्हणाले,
"लगेच लावू नको."