इतिवृत्त

चोडणच्या पहिल्या ग्रामसभेला बाकं मिसळलेली होती.
इनासशेजारी पुरसो, दोघांत मिळून एक तपकिरीची डबी,
आणि विषय एवढाच, की मानशीचं कुजलेलं दार
पुन्हा लाकडाचं करायचं की लोखंडी.
काइतान जांभई देत म्हणाला,
कसलंही बसवा, कोरगुटात खारं पाणी शिरू नये म्हणजे झालं.
मी लिहून ठेवलंय. पान चौदा.

मग शेतकी खात्याचा कागद आला.
बारा ठिकाणची माती तपासली,
पाच ठिकाणी मीठ जास्त.
मी माइकवर दोनदा वाचला.

लाकूडवाले उठले:
मग सात शेतं कुणी राखली? आज्यापणज्यांच्या दारानंच ना?
लोखंडवाले उठले:
पाच गेली, आता साताची वाट बघताय?
कागद तोच. घडी मात्र प्रत्येकानं
आपल्या सोयीच्या ओळीवर घातली.
माती भरतीला उचलली की ओहोटीला,
हा प्रश्न त्यालाच सुचला
ज्याला आकडा नडत होता.

त्यानंतर खरी सभा पंचायतीत भरलीच नाही.
लाकूड पोदेराच्या दारात जमायचं,
लोखंड फेरीच्या धक्क्यावर.
जिथं सगळेच मान डोलावतात
तिथं बोलणं पुन्हा भट्टीवर चढतं,
संध्याकाळचा साधा हुर्राक
रात्रीपर्यंत फेणी होऊन उतरतो.

पान एकतीस. काइतान, बाकावर उभा राहून:
लोखंड लावायच्या आधी मला त्या मानशीत गाडा!
कुणी हसलं नाही.
मधली वाट आता इतकी रुंद
की शिपायानं तिथं पंखा ठेवला.
डबी कुणाकडे राहिली, नोंद नाही.

आणि पौर्णिमेच्या भरतीला
सहावं शेत गेलं.
दोन्हीकडून एकच आवाज:
आम्ही सांगत नव्हतो?

काल रात्री वही पक्की करायला बसलो.
लाकूडवाले पानोपानी ‘म्हणाले’,
लोखंडवाले पानोपानी ‘ओरडले’.
अक्षर माझंच.
माझा मामा तीस वर्षं मानशीची दारं ओढायचा,
त्याच्या तळहातांना सागवानाचा वास यायचा,
हे वहीत कुठंच नाही,
आणि सगळीकडे आहे.

एक ‘ओरडले’ खोडायला घेतलं.
शाई टेकली, तोच हात अडला:
पण ते खरंच ओरडले होते.