फणी

इतवारीच्या फलाटावर बाबा आधी फण्यांना जागा बघायचे,
मग मला.
बोरूच्या काड्या, वर जुन्या धोतराचं फडकं,
सुतळीच्या तीन गाठी.
खिडकीपाशी त्या. मी मधे,
कुणाच्या तरी कोंबड्यांच्या टोपलीला गुडघे लावून.
छोटी लाईन. डबा एवढासा
की समोरच्याचे पाय आपल्या पायांत.
त्यामुळे कुही येईस्तोवर
त्याच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय ते कळायचं,
उमरेडपर्यंत कधी कधी जुळूनही जायचं.

चढावर इंजिन दमायचं.
पोरं उतरून बोरं वेचून परत चढत.
बाबा म्हणत, उतरू नोको माय,
आणि एकदा स्वतःच उतरले: टोपी उडाली होती.
ती घेऊन धुळीतून आले, हसत.
त्यांना धावताना मी तेवढंच पाहिलं.

गोळीबार चौकामागच्या आमच्या गल्लीत
सकाळी ताणे रस्ताभर पसरलेले,
खळीचा आंबूस वास.
सायकलवाला उतरायचा, वाकायचा,
सायकल आडवी करून सुताखालून काढायचा.
कुणी कुणाला काही म्हणत नसे.

भिवापूरला उतरलं की पहिल्यांदा शिंका.
मिरच्या वाळत घातलेल्या, पाय ठेवायला जागा नाही.
"फणीवाल्याची पोर आली" –
शाळेच्या हजेरीतलं माझं नाव
तिथे कुणाला कधी लागलं नाही.
मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे मी,
तळव्यांना गार ओली माती.
कौतिकाबाई हेडाऊ धोटा थांबवून
मला कांदा-भाकर द्यायची
आणि बाबांशी भांडायची.
पैशांवरून नाही, दातांवरून.
अंगठ्याचं नख फणीवरून ओढायची,
टर्र, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि आकडा सांगायची.
बाबा घरी येऊन पुन्हा मोजत.
तिचाच बरोबर निघे.

मग पॉवरलूम आले, हे सगळेच सांगतात.
मला आठवते ती एक दिवाळी.
बाबांनी उरलेल्या काड्यांचे आकाशकंदील केले.
चांगले झाले होते. सगळे विकले गेले.
रात्री ते जेवले नाहीत.

या उन्हाळ्यात माळा आवरताना त्यांची वही सापडली.
शेवटच्या पानावर:
कौतिका हेडाऊ, भिवापूर. फणी एक.
पाच रुपये जमा. माल देणे.
आणि वहीखाली माल.
फडकं, सुतळी, तीन गाठी.

मुलगा म्हणाला, कुरियर कर.
मी बसनं गेले.
छोटी लाईन उखडलेली, मोठीचं काम चाललेलं,
खडीचे ढीग, पिवळ्या मशिनी.
उमरेड कधी गेलं कळलं नाही.
शेजारची बाई मोबाईलमध्ये होती.
तिला मुलगी आहे की नाही,
तेही मला शेवटपर्यंत समजलं नाही.

कौतिकाबाईच्या घरात खड्डा बुजवलेला,
वर फरशी, फरशीवर मोटरसायकल.
ती खाटेवर. डोळ्यांवर दुधासारखा पडदा.
सून म्हणाली, त्यांना काही आठवत नाही,
अन् ऐकूही कमी येते, जोरानं बोला.
मी काहीच बोलले नाही.
गाठी सोडल्या, फणी हातात दिली.

नख फिरलं.
मधेच थांबलं. मागे आलं. पुन्हा फिरलं.
"दोन दात कमी हायेत," ती म्हणाली,
"बापाले सांगजो."

हो म्हटलं.
सुनेनं पिशवीत मिरचीपूड बांधून दिली,
तिच्या शिंका नागपूरपर्यंत आल्या.
दिघोरीपाशी बस अडकली तेव्हा लक्षात आलं,
इतके दिवस घरात होती,
आणि मी ती एकदाही मोजली नाही.