एक ल कमी

कुओपिओच्या दफ्तरखान्यात, फेब्रुवारीत,
बाहेर उणे एकवीस असताना
मी यंत्राला विचारलं:
अठराशे अडुसष्ट साली या चर्चच्या हद्दीत किती माणसं मेली?
यंत्र म्हणालं, शून्य.
कुरकुरलं नाही, अडखळलं नाही,
लाल रेघसुद्धा नाही. नुसतं शून्य,
पुसून पालथं घातलेल्या ताटासारखं.

मी ते तक्त्यात लिहिलं. पुढच्या सालाकडे वळलो.

तीन आठवड्यांनी हिल्क्का वोर्नानेन,
निवृत्तीला अकरा आठवडे उरलेली,
कॉफीचा पेला तक्त्यावरच टेकवून म्हणाली,
"दुष्काळाचं साल ते.
पाइनची साल दळून भाकरी करत होते लोक,
आणि तुझ्याकडे कुणीच मेलं नाही?"

मग चष्मा वर सरकवून तिने माझी ओळ वाचली,
एकेका अक्षरावर बोट ठेवून, पहिलीतल्या मुलासारखी.
कुओल्लुत म्हणजे मृत.
मी लिहिलं होतं कुओलुत.
त्या नावाची खूण अख्ख्या नोंदवहीत नव्हती.
यंत्राने शोधलं, सापडलं नाही, तसं सांगितलं.
खोटं कुठे बोललं ते?

अक्षर बदलून माणूस मारल्याचं ऐकून होतो.
इथे एक अक्षर गळलं
आणि दोनशे चौदा जण जगले
तीन आठवडे, माझ्या तक्त्यात.

आता पहारा बसवलाय.
प्रश्न सुटण्याआधी त्यातला शब्द न् शब्द
वहीच्या आराखड्याशी ताडून बघायचा,
अनोळखी दिसला की बोंब मारायची.
पहिल्याच दिवशी सतरा बोंबा.
एका जागी तर वयं आकडे म्हणून नाही, अक्षरं म्हणून तोललेली:
नऊ वर्षांची पोर दहा वर्षांच्या भावाहून थोरली.
सतरातल्या अकरा माझ्या.
बाकीच्या कुणाच्या ते मी विचारलं नाही.

हिल्क्काने स्वतः एक प्रश्न घातला:
जुलै एकाहत्तर, मृत किती?
शब्द बरोबर, वाट बरोबर. शून्य.
तिने कागदी वही काढली, पान उलटलं.
जूनच्या खाली थेट ऑगस्ट.
त्या महिन्यात खरंच कुणी गेलं नव्हतं.
पडद्यावर मात्र दोन्ही शून्यं
हुबेहूब.

आणि एक नोंद, त्या दोनशे चौदांतली:
मार्च, धान्याच्या कोठारामागे, वय अंदाजे सहा.
नावाची खूण उघडलेली, नावाची खूण मिटलेली,
मध्ये काही नाही.
पहारा तिथून गेला, थांबला नाही.
चूक नव्हतीच.