निरंक

समांतर आरक्षणाचा तक्ता माझ्या कपाटात असतो.
माजी सैनिक, पंधरा टक्के. पुढच्या रकान्यात
सहा वर्षांचं माझंच अक्षर:
योग्य उमेदवार उपलब्ध नाही.
योग्य उमेदवार उपलब्ध नाही.
एका वर्षी नुसतंच, वरीलप्रमाणे.

मार्चअखेर अहवाल वर जातो, त्यात निरंक लिहायचं.
शून्य लिहिलं तर कोणीतरी विचारतं, का?
निरंक वाचून लोक पान उलटतात.

मग ती जागा हळूच शेजारच्या रकान्यात सरकते.
तसल्याच एकीवर आमचा कौस्तुभ आला,
पहिल्या दिवशी अर्धा किलो पेढे घेऊन.
भला मुलगा. आईचं डायलिसिस चालू आहे त्याच्या.
हेही कुठेतरी लिहायला हवं, पण रकाना नाही.

खाली गेटवर सोपान ढमाले.
ठेकेदाराचा निळा शर्ट, बगलेत उसवलेला.
बूट मात्र असे, की शिवाजीनगरची ही आख्खी कचेरी
त्यांत उलटी दिसते.
सतरा वर्षं सिग्नल्समध्ये होते म्हणे. कुठे कुठे, ते सांगत नाहीत.
माझी स्कूटी तिरकी लागली की म्हणतात,
"मॅडम, रेघेच्या आत."
पगार अकरा हजार, तोही ठेकेदाराला आठवेल त्या तारखेला.

गेल्या महिन्यात ते जिना चढून वर आले.
टोपी काखेत. अर्जावर दहा रुपयांचं तिकीट,
अक्षर मुलीचं असावं, गोल, दहावीतलं.
मागणी एकच:
सदर पदांचं मागणीपत्र सैनिक कल्याण कार्यालयास
ज्या जावक क्रमांकाने पाठवलं, तो क्रमांक मिळावा.

सहा वर्षांची जावक रजिस्टरं काढली. धूळ झटकली, शिंकले.
घोरपडीला पत्रं गेलेली, खडकीला गेलेली,
पडलेल्या झाडांची, मोकाट कुत्र्यांची, टाकी धुण्याची.
त्या कार्यालयाला एकही नाही.
म्हणजे उमेदवार उपलब्ध नव्हते, कारण
आम्ही हाकच मारली नव्हती.
आणि हाकेच्या अंतरावर एक जण रोज सकाळी
माझ्यासाठी फाटक उघडत होता.

साहेब म्हणाले, "लिहा ना, माहिती संकलित स्वरूपात नाही."
कौस्तुभनं मान वर केली नाही.

तीस दिवसांतले एकोणतीस गेले.
पंख्याखाली कागदाची पेपरवेटशी झटापट.
खालून शिट्टी. कुणाची तरी गाडी रेघेबाहेर.

मी 'जावक क्रमांक' लिहिलं, पुढे दोन टिंबं दिली,
आणि सवयीच्या हातानं तोच जुना शब्द:
निरंक.
बघू आता, कोण पान उलटतं.
सही नेहमीसारखी गिचमीड नाही केली.
मंदाकिनी प्रल्हाद गायधनी, सरळ, वाचता येईल अशी.

संध्याकाळी स्कूटी काढताना त्यांच्याकडे बघवलं नाही.
तशीच निघाले.
मागून आवाज आला,
"मॅडम, स्टँड."