मडगावला सात तास

मिरजेहून रात्री निघालो, दहाला मडगावला उतरलो.
कारवारची गाडी पाच दहाची.
मध्ये सात तास, आम्ही चौघं, सामानाचे नऊ डाग,
शिवाय आत्याच्या मुलीच्या बारशासाठी घेतलेली
तांब्याची कळशी.

क्लोकरूमवाला म्हणाला, कुलूप नसेल तर ठेवून घेत नाही.
बाबांनी स्टॉलवर कुलपं घेतली, भाव न करता,
जे मी आधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही.
पण कळशीला कुलूप लावणार कुठे?
म्हणून कळशी आमच्याबरोबर शहर बघायला आली,
बाबांच्या काखेत, रुसलेल्या पोरासारखी.

बाबा रिक्षावाल्याला विचारत होते,
इथे बघण्यासारखं काय आहे आणि किती घेणार.
तोवर आई चालायला लागली होती.

आमची आई पत्ते विचारते.
तिसऱ्या गल्लीतल्या दवाखान्याचासुद्धा, दर वेळी.
बसची पाटी वाचून तिची खात्री पटत नाही,
कंडक्टरला विचारते, मग शेजारणीला.
ती आई रेल्वे फाटक ओलांडून डावीकडे वळली,
पिंपळापाशी क्षणभर चपला काढल्या तिनं.
का, ते आम्हाला जवळ गेल्यावर दिसलं:
मुळांत दडलेला कुंकवाचा दगड,
रस्त्यावरून दिसतच नव्हता.

"भरभर चला, एकला दुकानं बंद होतात,
सगळं गाव जेवून झोपतं."
"तुला गं काय माहीत?"
"ऐकलंय."

बाजारात छपराखाली सुके बांगडे आणि अबोलीचे वळेसर
एकाच सावलीत.
हेमूनं नाक धरलं, मी हेमूला धरलं,
आणि आई बोळांतून चालली होती
उसवलेल्या जागी परत टाका घालावा तशी,
जुन्याच भोकांतून.

दोरे-बटणांच्या एका दुकानासमोर ती थांबली.
आत जाईना, पुढे सरकेना.
गल्ल्यावरच्या म्हातारीनं चष्मा कपाळावर सारला.
"गुलाब? गुलाब गो तूं?"

आमच्या आईचं नाव सुनंदा.
रेशनकार्डावर, पोस्टाच्या पासबुकावर,
बाबांच्या एकुलत्या एक उखाण्यात.
आम्ही तिघांनी मागे वळून बघितलं.
मागे लिंबं विकणारा एक मुलगा होता.

मग आई बोलायला लागली
मिरजेत कधी न काढलेल्या आवाजात, हात हलवत,
मध्येच खळखळून हसत.
म्हातारी म्हणाली, "तुजें मशीन अजून आसा गो, भितर."
आई म्हणाली, "आसूं दी."
एवढंच आम्हाला समजलं, आणि तेही अर्धंच.

बाबा कळशी या काखेतून त्या काखेत घेत उभे,
वाढपी ज्याच्या पानावरून पुढे निघून गेला
अशा पाहुण्यासारखे.

निघताना म्हातारीनं डब्यातून मूठभर बटणं काढली.
पुडीला कागद सापडेना,
म्हणून कळशीतच ओतली.
शटर पडलं. एक वाजला होता.

पालिकेच्या बागेत दुपार काढली.
घरच्या दशम्या, लसणीची चटणी,
हेमूच्या हट्टासाठी चार पाव.
बाबांनी तीनदा घड्याळ बघितलं
आणि एकदा, ती बघत नसताना, आईकडे.

स्टेशनवर आईनं हमालाला विचारलं,
कारवारची गाडी इथेच लागते ना?
मग एका बाईला विचारलं.
मग बाबांना.

गाडी सुटल्यावर हेमू म्हणाला, "गुलाब कोण?"
"बोगदा येतोय," आई म्हणाली, "हात आत घे."
बोगद्याला अजून बराच वेळ होता.
बाहेर नुसती माडं, शेतं, एका अंगणात वाळत घातलेली
निळी शर्टं.
हेमूनं हात आत घेतला.

बाकाखाली कळशी
रुळांच्या प्रत्येक सांध्याला वाजत होती, बारीक,
पाच-सहा बटणं एकदम, मग एखादंच.
बाबांनी तिला पायाचा टेकू दिला. आवाज थांबला.
थोड्या वेळानं
त्यांनी पाय काढून घेतला.