पाचवी फेरी

एरंडेल जळल्याचा वास
हल्ली कुठंच येत नाही.
परवा उद्यमनगरात, बंद पडलेल्या एका फौंड्रीच्या बोळात
आला, म्हणजे आल्यासारखा वाटला,
आणि मी स्कूटर कडेला घेऊन थांबले,
बासष्ट वर्षांची बाई, हुकाला मेथीच्या दोन जुड्या.

तेव्हा मी सातवीत होते.
बावड्याच्या पलीकडच्या माळावर
गुऱ्हाळांच्या चुलाणांची राख पसरून
केलेला लांबट गोल,
वर टँकरनं पाणी मारलेलं.
अक्षर बरं म्हणून अप्पांनी माझ्याकडं पाटी दिली.
किती फेऱ्या उरल्या ते खडूनं लिहायचं,
रेषेपाशी उंच धरायचं.
तीन. दोन. एक. मग अप्पांचा झेंडा.

गाड्यांना ब्रेक नव्हते.
हे मी शाळेत सांगितलं तर बाई म्हणाल्या,
थापा मारू नकोस.
नव्हतेच पण. एक गिअर, डावं वळण,
मागचं चाक बाहेर फेकायचं
आणि डावा पाय जमिनीवर घासत
राखेतून नांगरट करत निघायचं.

तातोबा घोसरवाडे. आठवडाभर लेथवर,
रविवारी स्वतःच कातलेल्या पिस्टनवर.
हरला की गाडीला शिव्या, जिंकला की गाडीला पेढा,
खरोखरचा, टाकीवर ठेवलेला.
शामुवेल आवळे, मिशनच्या दवाखान्याचा ड्रायव्हर.
सुरुवातीला डोळे मिटून प्रार्थना,
डोळे उघडले की शेजारच्याला,
"सरक की रं, तुझ्या बाची वाट हाय व्हय?"
आणि बाबालाल शिकलगार.
त्याच्या डाव्या बुटाखाली नांगराच्या फाळाचं पोलाद,
पट्टे चप्पल लाईनीतून शिवून आणलेले.
शर्यत संपल्यावर चहाला चालत यायचा
तेव्हा एक पाय वाजायचा, एक नाही.

तो वळणावर आडवा व्हायचा
ते कसं सांगू.
पडणारा माणूस पडायचं विसरून जावा, तसा.

दसऱ्यानंतरची शर्यत होती.
शामुवेल पुढं, बाबालाल त्याच्या धुळीत.
माझ्या पाटीवर एक.
ते दोघं समोरून गेले,
मी एक पुसायला हवा होता.
पुसला नाही.
अप्पांच्या चष्म्यावर राख बसलेली,
त्यांनी पाटीकडं पाहिलं, झेंडा खालीच ठेवला.
आणि त्या जास्तीच्या फेरीत
दुसऱ्या वळणावर आतल्या बाजूनं
बाबालाल निघून गेला.

चूक नव्हती ती.
मला अजून एकदा बघायचं होतं, एवढंच.
ढाल त्याला मिळाली. शामुवेलनं टाळ्या वाजवल्या.
मी पाटी फ्रॉकनं पुसली
आणि पन्नास वर्षं गप्प बसले.

गेल्या वैशाखात तातोबाच्या नातीच्या लग्नात
जेवणाच्या रांगेत मागून आवाज आला,
"पोरी, त्या दिवशी पाच झाल्या न्हवं?"
वाटीतला रस्सा माझ्या हातावर सांडला.
"तुम्हाला कळलं होतं?"
"बिनब्रेकच्या गाडीवर माणूस दुसरं काय करतंय?
मोजतंय."
"मग थांबला का नाहीत?"
"तू पाटी धरलीवतीस की."
मग जरा थांबून,
"शाम्यालाबी ठावं हुतं.
चहा पिताना म्हटला,
पोरगीला काय बोलू नगं, तिचा बा रागीट हाय."

शामुवेल जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.
मयताला मी गेले नव्हते, घरी पाहुणे होते.

बाबालाल काठी टेकत पंगतीकडं गेला,
नवा गुडघा, मऊ चप्पल,
दोन्ही पाय सारखेच बिनआवाजाचे.

बोळात एका पोरानं विचारलं,
"काकू, गाडी बंद पडली काय? किक मारून देऊ?"
"नाही रे," म्हटलं, "जरा उभी आहे."
तो गेला तरी
मी चावी फिरवली नाही.