वाऱ्याचा मनोरा

बस्तकियातल्या त्या घरात
आम्ही अकरा जण राहायचो, त्र्याऐंशी साली.
डोक्यावर वाऱ्याचा मनोरा,
कुण्या इराणी मोतीवाल्याने बांधलेला.
मीच त्याच्या तोंडाला प्लायवुड ठोकलं
आणि खिडकीत एसी बसवला.
धंदाच होता माझा तो.

पलीकडच्या खोलीत ताहिर, सुदानचा.
दिवसा दुकानांच्या पाट्या रंगवायचा,
रात्री उरल्यासुरल्या रंगात भिंतीवर नाईल.
भाड्याच्या तारखेला हमखास ऊद काढून बसायचा;
मालक दारातच थबकायचा
आणि बहुतेकदा विसरायचा, कशाला आलो ते.
परकारने एकदा सुरमईचं कालवण केलं
दाभोळच्या मापाने तिखट.
ताहिर रडला, आणि आणखी वाढ म्हणाला.

काल नातीला घेऊन गेलो.
पांढऱ्या भिंती, टांगलेली चित्रं,
कॉफी अठ्ठावीस दिरहम.
गाइड सांगत होती: मोती, व्यापारी, प्रवाळाचा दगड,
आणि मग एकदम: कलाकार.
मधली वीस वर्षं तिने
अंधारात पायरी चुकावी तशी चुकवली.

मी काही बोललो नाही.
चौकटीमागे, जिथे पुचारा पोचला नव्हता,
निळ्याचा एक ओघळ सापडला,
नखाएवढा.

मनोऱ्याखाली उभा राहिलो.
प्लायवुड काढलंय कुणीतरी.
खाडीवरचा वारा सरळ अंगावर उतरला,
अब्य्रांच्या डिझेलचा वास घेऊन.
नात म्हणाली, आजोबा,
इथला एसी किती छान आहे!

म्हटलं, हा माझा नाही.